लॅटिना मुलींची शाळा सुटते ती ‘घरच्यांना शिक्षण नको’ म्हणून नव्हे

अमेरिकेतल्या लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मुली हायस्कूल अर्धवट सोडतात कारण घरी शिक्षणाची कदर नाही, ही समजूत जुनी आणि चुकीची आहे. 16 ते 24 वयाच्या हिस्पॅनिक (मूळ स्पॅनिशभाषक देशांतल्या कुटुंबांतल्या) तरुणांत शाळा सोडलेल्यांचं प्रमाण 2000 साली सुमारे 28 टक्के होतं. 2019 मध्ये ते 8 टक्क्यांच्या आसपास आलं. घरचे संस्कार वीस वर्षांत असे उलटत नसतात. शिवाय या आकड्यात अमेरिकी शाळेची पायरीही न चढलेले, थेट कामाला आलेले स्थलांतरितही मोजले जातात.

खरी गाठ बहुतेकदा क्रेडिटमध्ये, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर खात्यात जमा होणाऱ्या श्रेयांकांमध्ये, असते. टेक्सासमध्ये डिप्लोमाला, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्राला, किमान 22 क्रेडिट लागतात. एखाद्या विषयात हजेरी 90 टक्क्यांखाली गेली तर पास होऊनही क्रेडिट अडतं; 75 च्या वर असेल तर प्राचार्यांनी मंजूर केलेली भरपाई पूर्ण करून ते सोडवता येतं. आईसोबत दवाखान्यात दुभाषी म्हणून जाणं, ताप आलेल्या भावंडाजवळ थांबणं हे बहुधा मुलीच्याच वाट्याला येतं, आणि असे दिवस साठत जातात. नववीत बीजगणित राहिलं की पुढच्या वर्षी ते पुन्हा, वर भूमितीही.

आणि गरोदरपण? सरकारी मदत घेणाऱ्या शाळेला त्यावरून मुलीला काढता येत नाही. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा 1972 चा टायटल नाइन कायदा आड येतो. देशात राहण्याची कायदेशीर कागदपत्रं नसली तरी सार्वजनिक शाळेत प्रवेश मिळतोच, अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या 1982 च्या प्लायलर निकालामुळे.

पालकांनी नववीतच समुपदेशकाकडे क्रेडिटचा हिशेब मागावा. त्या भेटीला दुभाषी शाळेनेच द्यायचा असतो, मुलीला बसवू नये.