रिमोट फिरता राहिला: मराठवाड्यातील व्हिडिओ गेमची पार्श्वभूमी

मराठवाड्यात व्हिडिओ गेम रुजला तो वाटून खेळल्यामुळे. यंत्र एकाचे आणि खेळणारी अख्खी गल्ली, अशी त्याची सुरुवात. आज पोरं चौघांची टीम करून मोबाइलवर खेळतात, त्याची मुळेही तिथेच आहेत.

१९७२ चा 'पाँग', १९७८ चा 'स्पेस इन्व्हेडर्स', १९८० चा 'पॅक-मॅन' हा काळ नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांचा. आपल्याकडच्या बहुतेकांची ओळख त्यानंतरच्या यंत्राशी झाली. निन्टेंडोने १९८३ मध्ये जपानात 'फॅमिकॉम' आणला. टीव्हीला जोडायचा, कॅसेट खुपसायची, खेळायचे. त्याच्या स्वस्त नकला नव्वदच्या दशकात भारतभर पसरल्या आणि 'मारिओ', 'कॉन्ट्रा' इथल्या पिढीने त्यांच्यावरच पाहिले. कॅसेटवर हजारो गेम छापलेले असत. आत तेच थोडे गेम नावे बदलून फिरत. चालली नाही की काढून फुंकर मारायची. ज्याच्या घरी यंत्र, त्याच्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांची रीघ लागे. एक लाइफ गेली की रिमोट दुसऱ्याच्या हातात, हे कुणी शिकवले नव्हते. विटी-दांडूत डाव असाच फिरतो. नंबर न आलेले मागून ओरडून वाट दाखवत. बघणे हाही खेळाचाच भाग होता. यूट्यूबवर दुसऱ्याचा गेम तासन्‌तास बघणाऱ्या मुलांचे नवल वाटणाऱ्या पालकांनी हे जरूर आठवावे.

अडचण विजेची. 'मारिओ', 'कॉन्ट्रा' सेव्ह होत नसत, त्यामुळे लाइट गेली की पुन्हा पहिल्या स्टेजपासून. २००५ नंतरची काही वर्षे खेड्यांत बारा-बारा तास भारनियमन होते, टीव्हीवरचा खेळ तिथे टिकणार कसा? रात्रीच्या लाइटीत पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्यांना मात्र नोकिया ११०० (२००३) त्याच्या टॉर्चमुळे सोयीचा होता, आणि त्यात सापाचा गेम होता. अनेक शेतकरी घरांतला पहिला व्हिडिओ गेम तो हाच.

तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर पोहोचवला एमएस-सीआयटी या कॉम्प्युटरच्या प्राथमिक कोर्सने. २००१ मध्ये तो चालवणारे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन (एमकेसीएल) स्थापन झाले, सरकारी नोकरीसाठी हे प्रमाणपत्र लागू लागले आणि ठिकठिकाणी क्लास निघाले. सर बाहेर गेले की 'रोड रॅश' नाहीतर 'व्हाइस सिटी' सुरू. शहरांतल्या सायबर कॅफेत मुले वर्गणी काढून तासाचे पैसे भरत आणि एकमेकांना जोडलेल्या कॉम्प्युटरवर 'काउंटर-स्ट्राइक' खेळत. मुली क्लासला होत्या, कॅफेत जवळपास नव्हत्याच. खेळ सामाजिक होता, पण तो समाज मुलांचा होता, हे या इतिहासात स्पष्ट लिहिले गेले पाहिजे.

हे बदलले २०१६ नंतर. लातूरला रेल्वेने पाणी आले त्याच वर्षी, ५ सप्टेंबरला, जिओ सुरू झाले. महिनाभर एक जीबी पुरवणाऱ्यांना तेवढा डेटा रोज मिळू लागला. २०१८ मध्ये 'पबजी मोबाइल' आला. शंभर खेळाडू एका बेटावर उतरणार, मैदान आक्रसत जाणार आणि शेवटी एक टीम उरणार. खरी ओढ होती ती माइकची. पुण्याला कंपनीत लागलेला, लातूरला ट्यूशनला ठेवलेला आणि गावात शेती बघणारा, असे तिघे मित्र रात्री एका टीममध्ये येऊन गप्पा मारत. पूर्वी पारावर बसून जे बोलणे होई तेच इथे होऊ लागले, आणि त्याला नुसते 'मोबाइलचे वेड' म्हणणे मला अन्यायाचे वाटते. गावात 'फ्री फायर'चे चलन जास्त. पन्नास खेळाडू, दहा-पंधरा मिनिटांचा डाव, आणि कमी रॅमच्या स्वस्त फोनवरही तो चाले. २०२० च्या लॉकडाउनमध्ये 'लुडो किंग'ने बायका-मुलींना आणि आजी-आजोबांनाही यात ओढले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पबजीवर बंदी आली. २०२१ मध्ये तो 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' होऊन परतला. 'फ्री फायर' २०२२ च्या फेब्रुवारीत बंद झाला. त्याच वर्षाअखेर केंद्राने ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळला जाणारा व्हिडिओ गेम, क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याला पदके होती.

मधल्या काळात एक घोटाळा झाला. पैसे लावायच्या रमीच्या आणि फँटसी क्रिकेटच्या जाहिराती 'गेम' म्हणूनच घरोघर आल्या. त्यामुळे 'पोरगं गेम खेळतं' म्हटले की आईबापांना जुगारच दिसू लागला. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. ही विभागणी फार आधी व्हायला हवी होती. घरातल्या भांडणात ती अजून उतरलेली नाही; पोरगा टीमबरोबर खेळतोय की पैसे लावतोय, हे विचारण्याआधीच अनेक घरांत फोन काढून घेतला जातो.