मांडवी स्त्रीलिंगी, म्हणून चेतनगुणोक्ती?

मराठी शिकणाऱ्यांत एक समज फार जुना आहे: ‘मांडवी पणजीपाशी समुद्राला मिळते’ यात मांडवी ही गोव्यातली नदी स्त्रीलिंगी, समुद्र पुल्लिंगी, म्हणजे चेतनगुणोक्ती, निर्जीवाला माणसासारखं वागवणारा अलंकार, झालीच. नाही झाली. हे भूगोलाचं साधं वाक्य आहे. मराठीत प्रत्येक नामाला लिंग असतंच. खुर्चीला कुणी बाई समजत नाही. ‘पाऊस आला’, ‘वारा पडला’ हेही रोजचं बोलणं, अलंकार नव्हे.

निर्जीवाला माणसाची भावना किंवा वागणूक दिली, की हा अलंकार होतो. ‘ओहोटीला जुवारी रुसून मागे सरली’ या जुवारी नदीवरच्या वाक्यात सगळं काम ‘रुसून’ करतं. ते काढा, उरते नुसती ओहोटी. आणि लिंगाचाच आग्रह असेल तर ‘अंगणातलं चाफ्याचं झाड लाजलं’ हे वाक्य बघा. झाड नपुंसकलिंगी, तरी चेतनगुणोक्ती पक्की!

लिंग अगदीच बिनकामाचं असंही नाही. नदीला सासुरवाशीण आणि दर्याला नवरा करताना कवीला व्याकरणाची आयती सोय होते. ‘हे सागरा’ अशी थेट हाक मारली, तर क्रियापदही तपासायला नको: समोर ऐकणारा कुणी आहे, हे कवीने आधीच धरलेलं असतं.