आखाड्यातील शील व नम्रता (नागपूर)

कुस्ती, लाठीकाठी, दांडपट्टा, मल्लखांब यांच्या शिक्षणात पाळले जाणारे वर्तनाचे संकेत. नागपुरात ते मुख्यतः लाल मातीच्या आखाड्यांतून व व्यायामशाळांतून चालत आले.

या संकेतांच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक ते मध्ययुगीन ग्रंथांपर्यंत नेतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात (सु. ११३०) मल्लविनोदाचे प्रकरण आहे. त्यात मल्लांची वय व बळ यांनुसार प्रतवारी, आहार, भारश्रम (वजनाचा व्यायाम), स्तंभश्रम (खांबावरचा व्यायाम) यांचे बारकाईने वर्णन येते. मात्र भर शीलापेक्षा शरीरावर आहे. गुजरातेतील मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्ल या मल्लज्ञातीचे मल्लपुराण (रचनाकाळ अनिश्चित, बहुधा तेरावे ते सतरावे शतक) मल्लविद्या प्रत्यक्ष कृष्णाकडून मिळाल्याचे सांगते. येथे विद्येला धर्माचे अधिष्ठान आहे, पण ते एका व्यावसायिक ज्ञातीपुरते. दुसऱ्या मतानुसार ब्रह्मचर्य, मारुतीची उपासना आणि देशकार्य यांची आजची सांगड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या व्यायाम चळवळीने घातली. विदर्भापुरते हे मत अधिक पटण्याजोगे आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५३-५४ मध्ये खालसा झाल्यावर दरबारी आश्रय संपला; पुढे अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४) आणि नागपुरात स्थापन झालेला राष्ट्रीय स्वयंसेवक संघ (१९२५) यांनी शारीरिक शिक्षणाला चारित्र्यघडणीचे साधन मानले. मातीला नमस्कार, वस्तादाच्या पाया पडणे यांसारखे आचार मात्र या चळवळीहून जुने असावेत.

नवा पोरगा आला की त्याच्या हाती आधी फावडे येते. हौद्याची, म्हणजे कुस्तीच्या खड्ड्याची, माती उकरायची, ढेकळे फोडायची, खडे वेचायचे. तेल, ताक, हळद घालून ती मऊ ठेवायची. डाव नंतर. हौद्यात उतरताना चिमूटभर माती कपाळाला लागते, जोडीदाराशी खडाखडी (हात भिडवून अंदाज घेणे) होते, मग झोंबी. या नम्रतेमागे व्यवहारही आहे, याकडे ग्रंथकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. धोबीपछाड किंवा ढाक हे पाडण्याचे डाव मारताना खाली जाणाऱ्याची मान मारणाऱ्याच्या हाती असते; रागाने खेळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी जोड मिळत नाही. मोठा पठ्ठा लहानाशी लढताना ताकद राखून लढतो, कधी मुद्दाम खालीही जातो. लंगोटाचा पक्का हे विशेषण ब्रह्मचर्यासाठी रूढ आहे. व्यसन व रस्त्यावरची मारामारी यांवरील बंदीही त्याच शिस्तीतली. अर्थात आखाड्याचे बळ दांडगाईसाठी वापरले गेल्याचीही उदाहरणे आहेत, म्हणूनच वस्ताद या बंदीवर अडून बसतात.

कराटे व ज्यूदोच्या वर्गांत हे संकेत जपानी वळणाने येतात. ज्यूदोचे प्रवर्तक कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्यूदोची शाळा स्थापन केली. कराटेगुरू फुनाकोशी गिचिन यांच्या वीस सूत्रांपैकी पहिलेच वंदनाविषयी आहे. मॅटवरील कुस्तीत प्रतिस्पर्ध्याशी व पंचांशी हस्तांदोलन हा नियमाचाच भाग आहे.