शब्दयोगी अव्यय व ‘-इंग’ रूप (इंग्रजी व्याकरण)

इंग्रजीत ऑफ, इन, ॲट, बाय, विदाउट अशा शब्दयोगी अव्ययानंतर क्रियापद आले, तर ते सहसा ‘-इंग’ रूपात येते : ‘ही लेफ्ट विदाउट सेइंग अ वर्ड’. परंपरेने या रूपास जेरंड म्हणतात. मराठीतील धातुसाधित नाम त्याला सर्वांत जवळचे. ‘जाण्याआधी’, ‘बोलण्यात’ या रूपांत अव्यय किंवा प्रत्यय मागून लागतो, इंग्रजीत अव्यय आधी येते, एवढाच ठळक फरक.

प्राचीन इंग्रजीत दोन प्रत्यय निराळे होते : नामासाठी ‘-उंग’ वा ‘-इंग’ आणि वर्तमानकालवाचक विशेषणासाठी ‘-एंडे’. साधारणतः बाराव्या ते पंधराव्या शतकांदरम्यान ते एकरूप झाले. बदल दक्षिणेकडे आधी दिसतो; उत्तरेत व स्कॉटलंडमध्ये ‘-अँड’ हे विशेषणरूप बराच काळ टिकले. कारणांविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक ध्वनिसाम्य पुरेसे मानतात, काही फ्रेंच, तर काही वेल्शसारख्या केल्टिक भाषांचा प्रभाव सुचवतात. एकरूपतेपुरते ध्वनिसाम्याचे स्पष्टीकरण अधिक सरळ वाटते. परभाषांचा प्रभाव मानायचा तर तो वापराच्या विस्तारात शोधावा लागेल. आरंभी हे रूप शुद्ध नाम होते व त्याचे कर्म ‘ऑफ’ने जोडले जाई : ‘इन द बिल्डिंग ऑफ अ हाउस’. पुढे ते क्रियापदासारखे थेट कर्म घेऊ लागले : ‘इन बिल्डिंग अ हाउस’. मधली मिश्र रचना, ‘द बिल्डिंग अ हाउस’, अठराव्या शतकातही आढळते. आज ती अशुद्ध ठरते.

खरी अडचण ‘टू’ची. तो कधी अव्यय असतो, कधी केवळ मूळ क्रियारूपाची खूण. ‘टू’नंतर क्रियापदाच्या जागी नाम बसवून पाहावे. ‘लुक फॉरवर्ड टू द हॉलिडे’ चालते, म्हणून ‘टू मीटिंग यू’. ‘वाँट टू द हॉलिडे’ चालत नाही, म्हणून ‘वाँट टू मीट’. ऑब्जेक्ट टू आणि अकस्टम्ड टू पहिल्या गटातले. ‘आय यूज्ड टू स्मोक’ म्हणजे पूर्वी ओढत असे. ‘आय ॲम यूज्ड टू स्मोकिंग’ म्हणजे सवय आहे.

मराठीभाषकांची नेहमीची चूक ‘-साठी’तून येते. ‘शिकण्यासाठी आलो’ याचे ‘आय केम फॉर लर्निंग’ होते. हेतू सांगताना ‘टू लर्न’ हवे. ‘फॉर’ व ‘-इंग’ वस्तूचा उपयोग (‘अ नाइफ फॉर कटिंग ब्रेड’) किंवा कारण (‘थँक यू फॉर कमिंग’) सांगतात. नकार रूपाआधी येतो : ‘फॉर नॉट कमिंग’. कर्ता न सांगितल्यास तो बहुधा मुख्य वाक्याचाच धरला जातो. म्हणून ‘आफ्टर ईटिंग, द प्लेट्स वेअर वॉश्ड’ वाचताना ताटेच जेवल्यासारखी वाटतात.

‘बट’ व ‘एक्सेप्ट’नंतर मूळ रूप येऊ शकते : ‘डू नथिंग बट क्राय’. ‘अबाउट टू लीव्ह’ही नियमाबाहेरचे.

कर्ता सांगायचा तर ‘हिज कमिंग’ की ‘हिम कमिंग’? इंग्रजी भाषावापरावर लिहिणाऱ्या फाउलर बंधूंनी १९०६ मध्ये दुसऱ्या रचनेला दोष दिला. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ येस्पर्सन यांनी ती समर्थनीय ठरवली. प्रत्यक्ष वापर येस्पर्सन यांच्या बाजूने आहे, मात्र औपचारिक लेखनात षष्ठी (‘हिज’) अजून पसंत केली जाते. व्याकरणकार हडल्स्टन व पुलम यांनी २००२ मध्ये जेरंड आणि वर्तमानकालवाचक विशेषण हा भेदच सोडून दोघांना एकच संज्ञा दिली.