यंत्रखोल्यांचे स्प्रिंकलर धोका-वर्गीकरण

बॉयलर, चिलर, पंप, एअर हँडलिंग युनिट, विजेचे पॅनल अशी इमारत चालती ठेवणारी उपकरणे ज्या खोलीत असतात तिला यंत्रखोली, प्लांट रूम किंवा मेकॅनिकल रूम म्हणतात. तिथे आग लागलीच तर ती किती जोर धरेल हे पाहून खोलीला एका धोका-वर्गात बसवायचे आणि त्यावरून स्प्रिंकलरचे (आगीच्या उष्णतेने आपोआप उघडून पाणी फवारणाऱ्या छतावरच्या तोट्यांचे) पाणी किती लागेल हे ठरवायचे, म्हणजे हे वर्गीकरण.

इथे ‘धोका’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. आग लागण्याची शक्यता किती, हा प्रश्न या वर्गीकरणात नसतो. बॉयलरला ज्वाला असते म्हणून वर्ग वाढत नाही. खोलीत जळण्याजोगे काय आहे, किती आहे, ते किती वेगाने उष्णता बाहेर टाकेल, रचून ठेवले असेल तर ढिगाची उंची किती आणि ज्वालाग्राही द्रव आहेत का, एवढेच विचारले जाते. पोलादी नळ्या, पंपांची बिडाची घरे आणि काँक्रीटची जमीन यांत जळायला थोडेच असते. वायरींचे आवरण, नळ्यांवरचे इन्सुलेशन, फिल्टर, पट्टे आणि वंगण मात्र पेट घेऊ शकतात.

अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचे एनएफपीए १३ हे मानक हलका धोका, सामान्य धोका (गट १ व २) आणि अतिरिक्त धोका (गट १ व २) असे वर्ग करते. त्याच्या परिशिष्टाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत यंत्रखोल्या सामान्य धोका गट १ च्या उदाहरणांमध्ये येतात. कार्यालयाची इमारत हलक्या धोक्याची असते, म्हणून तिच्या तळघरातली प्लांट रूमही हलकी धरावी, हा मोह चुकीचा आहे. वर्ग इमारतीच्या नावावरून नव्हे, त्या त्या जागेवरून ठरतो. परिशिष्टातली यादीही डोळे मिटून लावायची नसते. वाहनतळ पूर्वी याच गट १ मध्ये होते. मोटारींमधले प्लास्टिक वाढत गेले आणि २०२२ च्या आवृत्तीत ते गट २ मध्ये गेले.

वर्गाचा परिणाम घनतेत, म्हणजे जमिनीच्या दर चौरस मीटरवर किती पाणी पडावे यात, दिसतो. घनता मिलिमीटर प्रति मिनिट अशी सांगतात. १ मिमी म्हणजे दर चौरस मीटरला मिनिटाला १ लिटर. हलक्या धोक्यासाठी ४.१, सामान्य गट १ साठी ६.१ आणि गट २ साठी ८.१ मिमी प्रति मिनिट, तिन्ही १३९ चौ. मी. क्षेत्रावर, म्हणजे आगीत एका वेळी जेवढ्या भागातले स्प्रिंकलर उघडतील असे गणितात धरतात तेवढ्यावर. अतिरिक्त धोका गट १ ला मात्र १२.२ मिमी आणि तेही २३२ चौ. मी. वर. गुणाकार केला की फरक लख्ख दिसतो : गट १ ला मिनिटाला सुमारे ८५० लिटर, गट २ ला सुमारे १,१२५, तर अतिरिक्त धोक्याच्या पहिल्याच पायरीला सुमारे २,८३० लिटर. आग विझवणाऱ्यांच्या होजचे (हातातल्या नळीचे) पाणी यात धरलेले नाही, ते वेगळे. एका स्प्रिंकलरखाली जास्तीत जास्त किती क्षेत्र येऊ द्यायचे, तेही हलक्या धोक्यातल्या २०.९ वरून सामान्य धोक्यात १२.१ चौ. मी. वर येते. युरोपीय मानक ईएन १२८४५ सामान्य धोक्याचे चार गट करते. घनता सगळ्यांना ५ मिमीच, पण क्षेत्र ७२ पासून ३६० चौ. मी. पर्यंत वाढत जाते. दोन मानकांचे आकडे एकाच गणितात मिसळू नयेत.

गट १ ची गृहीते मोडणारी बाब बहुधा यंत्र नसतेच. रिकामी जागा दिसली की तिथे जुने फर्निचर, पुठ्ठ्याचे खोके, रंगाचे डबे येऊन बसतात. गट १ मध्ये ढिगाची उंची २.४ मी. पर्यंतच आणि माल मध्यम उष्णता देणाराच असायला हवा. ‘इथे कोणी काही ठेवणार नाही’ या भरवशावर आराखडा करण्यापेक्षा, साठवण होणारच असे दिसत असेल तर सुरुवातीलाच गट २ धरणे शहाणपणाचे. डिझेल इंजिन आणि त्याची इंधनटाकी खोलीत असेल, तर अतिरिक्त धोक्याची घनता लागते. लिथियम-आयन बॅटऱ्यांची खोली या साध्या यादीत बसवू नये. तिच्यासाठी एनएफपीए ८५५ हे वेगळे मानक आहे.

शेजारची जागा कमी धोक्याची असेल आणि मध्ये उष्णता अडवणारी भिंत नसेल, तर जास्त घनतेची आखणी त्या शेजारच्या जागेत ४.६ मी. पुढे न्यावी लागते. यंत्रखोलीला बहुधा भिंती आणि दार असतात, त्यामुळे हा प्रश्न क्वचित येतो.

वर्ग बरोबर ठरूनही पाणी आगीपर्यंत पोचत नाही, याचे नेहमीचे कारण डक्ट, म्हणजे हवा नेणारे पत्र्याचे रुंद मार्ग. १.२ मी. पेक्षा रुंद डक्टखाली स्वतंत्र स्प्रिंकलर लागतात. छताजवळचे तापमान ३८ अंश सेल्सियसच्या वर जाणार असेल, तर स्प्रिंकलरचे तोंड बंद ठेवणाऱ्या आणि ठरावीक तापमानाला फुटणाऱ्या ६८ अंशांच्या लाल काचनळीऐवजी ७९ अंशांची पिवळी किंवा ९३ अंशांची हिरवी घेतात. बॉयलरच्या खोलीत हे हमखास पाहावे.

ज्या घनतेवर आणि क्षेत्रावर गणित केले ते आकडे स्प्रिंकलरच्या मुख्य उभ्या नळीजवळच्या पाटीवर लिहिलेले असतात. गॅसच्या बॉयलरजागी तेलाचा आणायचा किंवा जनरेटर आत हलवायचा असेल, तर त्या पाटीशी ताडून वर्ग नव्याने तपासतात.