सापांचं पुस्तक आणि चौथीतला भाचा

माझा भाचा चौथीत आहे. मागच्या दिवाळीत आम्ही दोघं पुस्तक प्रदर्शनाला गेलो होतो, निघताना त्याच्या आईने बजावलं होतं की चांगलं गोष्टींचं, वयाला साजेसं काहीतरी घ्या, आणि हा पठ्ठ्या थेट सापांवरच्या एका जाडजूड पुस्तकापाशी जाऊन बसला. मोठ्यांसाठीचं पुस्तक, बारीक टाईप, पानोपानी अवघड शब्द. मी म्हटलं, "अरे हे जड जाईल तुला." त्याने मण्यारचं पान उघडलं आणि बोट ठेवून वाचायला लागला. "निशाचर" वर अडखळला, नि-शा-चर असं तोडून वाचलं, जरा थांबला आणि म्हणाला, "मावशी, म्हणजे रात्री फिरणारा. मण्यार रात्रीच फिरतो ना, म्हणून."

हा शब्द त्याला कुणीच शिकवला नव्हता. मण्यार रात्री बाहेर पडतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावला तर कधीकधी दुखतही नाही, हे सगळं त्याला आधीच माहीत होतं आणि त्या माहितीच्या जोरावर त्याने शब्दाचा अर्थ लावला. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी पुस्तक निवडताना मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, पण आपण नेमकं तिकडेच बघत नाही, आपण बघतो टाईप केवढा आहे आणि पानं किती आहेत.

या वयात नेमकं काय बदलतं बघा. तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकतं आणि चौथीपासून वाचून शिकायला लागतं. हार्वर्डच्या जीन चॉल यांनी १९८३ मध्ये वाचनाच्या पायऱ्या मांडल्या त्यात हा टप्पा स्पष्ट दाखवलाय, आणि पुढे गरीब घरच्या मुलांचा अभ्यास करताना त्यांना दिसलं की दुसरी-तिसरीपर्यंत ठीक वाचणारी मुलं चौथीपासून मागे पडायला लागतात, आणि आधी अडतं ते शब्दांच्या अर्थापाशी. अक्षरं येतात, अर्थ निसटतो. कारण अचानक पुस्तकांत असे शब्द यायला लागतात जे घरात कुणी बोलत नाही. इंग्रजीत याची मोजदाद झालीये, १९८८ च्या एका अभ्यासात मुलांच्या पुस्तकांत दर हजार शब्दांमागे साधारण ३१ कमी वापरातले शब्द सापडले, आणि पदवीधर मोठ्या माणसांच्या गप्पांत फक्त १७ च्या आसपास. म्हणजे आपण मुलांशी कितीही बोललो तरी काही शब्द पुस्तकातूनच यायचे.

पण विषय आधीच माहीत असला तर काय होतं, ते दाखवणारा एक बेसबॉलचा प्रयोग सांगते, मला तो फार आवडतो. १९८८ सालीच अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीची ६४ मुलं घेतली. निम्मी वाचनात हुशार, निम्मी कच्ची, आणि दोन्ही गटांतल्या निम्म्यांना बेसबॉलचं भरपूर ज्ञान, बाकीच्यांना जेमतेम. सगळ्यांना एका मॅचचं वर्णन वाचायला दिलं आणि समोर छोटं मैदान मांडून लाकडी खेळाडू ठेवले, जे वाचलं ते खेळाडू हलवून दाखवायचं आणि आपल्या शब्दांत सांगायचं. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात हुशार पण खेळ माहीत नसलेल्या मुलांच्या खूप पुढे गेली! आणि खेळ माहीत नसलेल्या हुशार मुलांना त्यांच्या हुशारीचा जवळजवळ काहीच फायदा झाला नाही.

क्रिकेटवर घेतलं की पटकन कळतं. "कॅप्टनने स्लिप काढली आणि लाँग ऑनला फील्डर पाठवला" या वाक्यात कुठेही लिहिलेलं नाही की आता कॅप्टनला सिक्सची भीती वाटतेय, पण क्रिकेट बघणाऱ्या पोराला ते आपोआप कळतं. ज्याला खेळ माहीत नाही तो प्रत्येक शब्द बरोबर वाचेल आणि तरी त्याच्या हाती काही लागणार नाही. डोक्यात एका वेळी थोड्याच गोष्टी धरून ठेवता येतात, आणि विषय ओळखीचा असला की त्यातली बरीच जागा मोकळी राहते, मग ती नव्या शब्दाला मिळते.

म्हणून शाळांमधून सांगतात तो पाच बोटांचा नियम, म्हणजे एक पान वाचायचं, न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं आणि पाचही मिटली तर पुस्तक जड समजायचं, तो मी अनोळखी विषयालाच लावते. मुलाचा जीव अडकलेल्या विषयाला लावू नका. डायनोसॉर, रेल्वे इंजिन, किल्ले, अवकाश, जे काही वेड असेल ते, तिथे मूल आपल्या पायरीच्या वरचं वाचून दाखवतं.

सिरीजबद्दल पण सांगायचंय, कारण "सारखं एकाच हिरोची पुस्तकं वाचतो" ही तक्रार मला दर सुट्टीत ऐकू येते. वाचू द्या हो. पात्रं, गाव, त्यांची बोलायची पद्धत सगळं माहीत असतं त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या भागापासून वेग वाढतो, आणि तेच शब्द पुन्हापुन्हा भेटतात. अभ्यासांची गोळाबेरीज सांगते की वाचताना भेटलेल्या १०० अनोळखी शब्दांपैकी साधारण १५ च पदरात पडतात, म्हणजे शब्द पुन्हा भेटणं किती गरजेचं आहे बघा. कॉमिक्सलाही हेच लागू.

इंग्लिश मीडियमच्या आणि परदेशातल्या मराठी मुलांची अडचण वेगळी आहे आणि ती मला जास्त काळजीची वाटते. मूल नऊ वर्षांचं, विचार नऊ वर्षांचे, पण देवनागरी वाचायचा वेग सहा वर्षांच्या मुलाचा, जोडाक्षर आलं की गाडी थांबते. मग आपण त्याला ससा-कासवाचं पुस्तक देतो आणि त्याला ते बाळबोध वाटतं, अपमानही वाटतो. अशा वेळी विषय नऊ वर्षांचाच ठेवा, आणि मजकूर कमी, फोटो मोठे, फोटोखाली दोन-दोन ओळी असं काहीतरी बघा, किंवा आळीपाळीने वाचा, एक पान तुम्ही, एक परिच्छेद त्याने. साधारण सातवी-आठवीपर्यंत मुलांना स्वतः वाचून कळतं त्यापेक्षा ऐकून जास्त कळतं, त्यामुळे मोठा झाला आता वाचून कशाला दाखवायचं असं म्हणू नका. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक नेटवर फुकट वाचता येतात, तेही बघून ठेवा.

आणि निवड मुलाची हवी. फ्लोरिडातल्या १७ शाळांमध्ये गरीब घरच्या छोट्या मुलांना सलग तीन उन्हाळी सुट्ट्यांत दर वेळी १२ पुस्तकं दिली होती, स्टॉलवरून ज्याची त्याने निवडलेली, परत मागायची नाहीत. टीव्ही-सिनेमातल्या पात्रांची पुस्तकंही मुलांनी भरपूर उचलली, शिक्षकांनी कदाचित निवडली नसती अशी. तीन वर्षांनी ही मुलं वाचनाच्या परीक्षेत अशी पुस्तकं न मिळालेल्या मुलांच्या पुढे होती.

सापांचं पुस्तक आम्ही घेतलं. मुखपृष्ठ निघालंय, घोणसच्या पानावर चिवड्याचं तेल लागलंय, आणि परवा त्याने फोनवर मला विचारलं की प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून का बनवतात. मला थोडंच माहीत होतं, म्हणून आता आम्ही दोघं त्याच्यावरचं पुस्तक शोधतोय.