हांडल, गालुस की पेटेलिन?

१८ जुलै १९९१ रोजी युगोस्लाव्हियाच्या मध्यवर्ती नेतृत्वाने स्लोव्हेनियातून सैन्य मागे घ्यायचे ठरवले. बरोबर चारशे वर्षांपूर्वी, त्याच तारखेला, संगीतकार याकोबुस गालुस प्रागमध्ये वारला होता. योगायोगच. पण स्लोव्हेनिया या नव्या देशाच्या २०० तोलारच्या नोटेवर त्याचा दाढीवाला चेहरा आला आणि २००७ मध्ये युरो येईपर्यंत तो भाजीबाजारातही हातोहात फिरला. ल्युब्ल्यानातल्या मुख्य सांस्कृतिक केंद्राचे सर्वांत मोठे सभागृहही त्याच्याच नावाचे.

पण नाव नेमके कोणते? हांडल हे जर्मन, गालुस लॅटिन, पेटेलिन स्लोव्हेन. तिन्हींच्या मुळाशी कोंबडाच. पुढच्या अभ्यासकांनी उलटा हिशेब मांडला: घरचे आडनाव पेटेलिन असणार, बाकीची दोन त्याची भाषांतरे. तर्क पटतो, पण त्याच्या काळातला कागद हाती नाही. छापील ग्रंथांवर दिसते ते हांडल, जोडीला ‘गालुस म्हणवला जाणारा’ आणि ‘कार्निओलुस’, म्हणजे क्रान्स्का मुलखातला (हा मुलूख आजच्या स्लोव्हेनियात). आपल्या ‘कर’ लावलेल्या आडनावांसारखेच हे. माझ्या लेखी कोंबड्यापेक्षा या शब्दाचे वजन जास्त. त्याची सारी गीते लॅटिन, स्लोव्हेनमधले एकही नाही, मग तो स्लोव्हेन कसा, हा आक्षेप घेतात; त्यातली माहिती खरी आहे. पण तेव्हा चर्चसाठी लिहिणारा दुसरे काय करणार? ऑस्ट्रियाने १८९९ पासून त्याचा मोठा संग्रह आपल्या संगीतवारशाच्या मालेत छापला. ल्युब्ल्यानात नवी आवृत्ती निघू लागली ती थेट १९८५ मध्ये.

हांडल या नावामुळे पुढच्या काळातल्या प्रसिद्ध संगीतकार हँडेलशी होणारा घोळ वेगळाच. गंमत म्हणजे १७३७ मध्ये ब्रिटनच्या राणी कॅरोलिनच्या अंत्यविधीसाठी रचना करताना हँडेलने गालुसच्याच ‘एक्के क्वोमोदो’ या गीताचा आधार घेतला.

जन्मसाल १५५० धरतात, कारण १५९० च्या चित्रावर वय चाळीस लिहिले आहे. जन्मगाव म्हणून रिब्नित्सा सांगतात. दावेदार इतरही आहेत. तरुणपणीच तो घर सोडून निघाला, ओलोमोउत्सच्या बिशपकडे गायकवृंद सांभाळला आणि १५८५ नंतर प्रागला स्थिरावला. तिथे १५८६ पासून ‘ओपुस मुसिकुम’चे चार खंड निघाले: वर्षभराच्या उपासनेसाठी ३७४ मोटेट, म्हणजे अनेक आवाजांत गायची धार्मिक गीते, काही तर २४ आवाजांची. चौथा खंड तो जाण्याच्या आदल्या वर्षी, १५९० मध्ये आला. मागे राहिलेली लौकिक गीते १५९६ मध्ये भावाने छापून आणली.